घोळ

पहाटे साडेतीन. मखमलाबाद शिवार.
टॉर्च दातांत धरून मी घोळीची पानं खुडते.
द्राक्षाच्या दोन ओळींमधली ही,
बागाईतदार तिला तण म्हणतो,
हौसाबाई पिंगळे रविवार कारंजावर
दहाला जुडी म्हणते.
कडेच्या वाफ्याचं ठिबक
एकवीस दिवस बंद ठेवलंय आम्ही, मुद्दाम.
तडवी बर्फाचा डबा घेऊन उभा.
"मॅडम, कुत्रं,"
अधूनमधून एवढंच बोलतो.

उन्हात ही सगळी तोंडं मिटून घेते.
तहान लागली की दिवसाचा धंदा बंद,
रात्रपाळी सुरू.
अंधारात हवा आत घ्यायची,
तिचं आम्ल करायचं
आणि उजाडेपर्यंत साठवायचं
पेशीच्या पोटातल्या पिशवीत.
रिक्तिका म्हणतात तिला पुस्तकात.
कुणी ठेवलं हे नाव?
पहाटे या वेळी येऊन बघावं त्यानं,
काठोकाठ असते.

त्या पिशवीच्या पातळ पटलात
एक विकर रोवलेलं आहे.
गरगर फिरतं ते, खरोखर फिरतं,
निमाणीहून सुटलेल्या बसच्या कंडक्टरसारखं
आधीच भरलेल्या गाडीत
आत सरका, आत सरका, करत
एकेक प्रोटॉन कोंबतं.
मॅलिक मागोमाग चढतं, विनातिकीट.
उजाडलं की सगळे उतरतात,
दारं बंदच,
आणि आतल्या आत
ऊन शिजवतं रात्रीची शिदोरी.

हे मला आधी कुठल्या शोधनिबंधानं सांगितलं नाही.
चार वर्षांपूर्वी जुडी घेताना
हौसाबाई म्हणाली होती,
"सकाळची खुडलेली आंबट लागती, पोरी.
सांजची पचपचीत.
पण पाऊसपाण्याच्या दिसात
दोन्ही टायमाला सारखीच. बघ खाऊन."
मी घरी जाऊन खाल्ली.
मग विषय बदलला पीएचडीचा.

शनिवारी वीज जाते, म्हणून शुक्रवारीच
पानं खलात वाटायची, थंडगार,
साखरेच्या पाकाच्या पायऱ्यांवर ओतायची,
यंत्र तास-दीड तास घुमू द्यायचं.
वरच्या पायरीवर एक कडं तरंगतं,
सायीहूनही पातळ.
तेच पटल. तेवढ्यासाठी सगळं.
कोरड्या वाफ्याचं कडं
ओल्या वाफ्याहून जाड असतं,
विकर अडीचपट.
तडवी नळी उजेडात धरतो,
"एवढंसंच?" म्हणतो दर वेळी.

पाणी सोडलं की चार-पाच दिवसांत
ही सगळं विसरते.
पुन्हा दिवसाची, पुन्हा पचपचीत.

अप्पांना नाही जमलं.
सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाळ्या.
निवृत्तीनंतरही रात्री दोनला उठून
अंधारात डबा चाचपायचे.
आई म्हणायची, झोपा हो, कंपनी सुटली.
ते ओशाळून पडून राहायचे,
डोळे उघडे.

प्रबंधात मी लिहिलं होतं
हौसाबाईचं नाव, तारीख, बाजार.
मार्गदर्शकांनी लाल शाईत काढलं,
लिहिलं, स्थानिक निरीक्षण.
मी वाद घातला नाही.
पानाला दोन शब्दच कमी झाले,
असं तेव्हा वाटलं.

आज नमुने ठेवून
पुरलेली मूठभर घेऊन कारंजावर गेले.
ती पोतं पसरत होती.
एक पान दाताखाली धरलं तिनं,
तोंड वेंगाडलं,
थुंकली नाही.
"कोणत्या मेल्यानं
पाणी तोडलंय गं हिचं?"

मी म्हणाले,
मीच.